कार्पेटखालचा फेल्ट बदलताना: जुन्या गाडीचा फ्लोअर शांत करण्याचं काम, क्रमानं

पद्मिनी किंवा ॲम्बेसेडरमध्ये आवाज फार येतो म्हणून लोक चंदेरी शीटचा रोल आणतात, कार्पेट उचलतात, वरवर धूळ झटकतात आणि अख्ख्या फ्लोअरला शीट चिकटवून मोकळे होतात. पहिले काही महिने छान जातात. मग पावसाळ्यात गाडीला ओलसर वास यायला लागतो. काही वर्षांनी डेंटर खालून स्क्रूड्रायव्हर टोचून बघतो तेव्हा तो पत्र्यातून आरपार कार्पेटपर्यंत जातो. त्या शीटखाली पाणी कोंडलेलं होतं, आणि ते कुठून आलं हे कोणी बघितलंच नव्हतं.

म्हणून क्रम एकच: आधी पाणी, मग गंज, आणि आवाज सगळ्यात शेवटी. हे काम आवाजाचं वाटतं, पण त्यातली निम्म्याहून जास्त मेहनत पाण्याची आहे. ज्याला ती करायची नाही त्याने जुना फेल्ट (कार्पेटखालचा दाबलेल्या तंतूंचा थर) आहे तसा राहू द्यावा. गाडी जास्त टिकेल.

## हंगाम आधी ठरवा

खान्देशात हे काम दोन भागांत केलं तर बराच त्रास वाचतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे धुळे-जळगावकडे पारा १० अंशांच्या खाली उतरतो. त्या गारठ्यात फ्लोअरवरचं कंपनीचं जुनं डांबर कडक होतं आणि टवके उडवत निघतं. तेच मे महिन्यात, भुसावळच्या ४५ अंशांत करायला बसलात तर डांबर पटाशीला, हाताला, चपलेला चिकटेल. पत्र्यावरून मात्र सुटणार नाही.

नवीन शीट बसवायला उलट ऊब लागते. फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य हा काळ त्यासाठी चांगला. प्रायमरही त्याच दिवसांत मारा. भर उन्हाळ्यात फवारलेल्या प्रायमरमधलं थिनर पत्र्यावर पोचेपर्यंतच उडून जातं आणि थर खरखरीत बसतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत गाडी पूर्ण जोडून झाली पाहिजे, असा हिशेब धरा. फ्लोअर उघडा असताना मृग लागला तर सगळं वाया जातं.

## तीन थर, तीन वेगळी कामं

दुकानदार एकाच रोलवर ‘साउंडप्रूफ, हीटप्रूफ, वॉटरप्रूफ’ लिहून विकतो. प्रत्यक्षात कामं वेगळी आहेत.

पहिला थर पत्र्याची थरथर मारतो. वाजणाऱ्या थाळीवर हात ठेवला की ती गप्प होते, तेच काम पत्र्याला चिकटवलेली ब्यूटाईलची, म्हणजे चिकट रबराची, शीट करते. कंपनीने जुन्या काळी यासाठीच डांबरी पट्ट्या बसवल्या होत्या.

दुसरा थर म्हणजे फेल्ट किंवा फोम. तो हवेतून येणारा आवाज थोडा शोषतो, कार्पेट पत्र्यापासून दूर ठेवतो आणि उष्णता अडवतो.

तिसरा थर जड आणि अखंड पडद्याचा. बाजारात तो मास लोडेड विनाईल नावाने मिळतो आणि नेहमीच्या जाडीत त्याचं वजन चौरस मीटरला ५ किलोच्या आसपास भरतं. माझं मत विचाराल तर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनावर हे ओझं अख्ख्या फ्लोअरभर लादू नये. फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) आणि पुढच्या पायांची जागा एवढ्यावर घातला तरी पुरतो. डिझेल ॲम्बेसेडरला मात्र तो पुढे असलेला बरा, तिची घरघर नुसत्या फेल्टला जुमानत नाही.

## सामान: काय आणायचं, काय नाही

आणायचं:

- अल्युमिनियम पापुद्र्याची ब्यूटाईल शीट, २ मिमी. दाबून चालवायला छोटा लोखंडी किंवा कडक रबरी रोलर.
- बंद छिद्रांचा फोम, ६ ते १० मिमी. एसीच्या पाइपावर आणि डक्टवर चढवतात तोच काळा नायट्राईल फोम. एसीचं सामान विकणाऱ्यांकडे जळगाव-धुळ्यात सहज मिळतो.
- कोरड्या राहणाऱ्या जागांसाठी दाबलेला फेल्ट.
- इपॉक्सी प्रायमर, पॉलियुरेथेन सीम सीलर (पत्र्याचे जोड बंद करायला), गंज थांबवणारं रसायन.
- टर्पेंटाईन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती फडकी.
- फ्लोअरच्या भोकांचे नवीन रबरी बूच आणि ग्रोमेट (वायर-केबल जाते त्या भोकातली रबरी कडी), मापाने. जुने बूच कडक झालेले असतात, ते परत वापरायचे नाहीत.
- हातमोजे, चष्मा, मास्क, अग्निशामक नळकांडं.

आणायचं नाही:

- बारदान. दाल मिलमधून फुकट मिळतं म्हणून कार्पेटखाली अंथरलेलं मी कितीतरी गाड्यांत बघितलं आहे. गोणपाट ओल धरतं, धूळ धरतं आणि उंदरांना घर देतं. कापूस भरण्याचंही तेच.
- कुशनवाल्याकडचा स्पंज. तो पाणी पितो आणि सोडत नाही.
- प्लॅस्टिकची चटई. जळगावात चटई स्वस्त आणि चांगली मिळते, ती अंगणात छान. गाडीत ती पायाखाली सरकते आणि पेडलखाली जाऊन बसते.
- छताच्या गळतीला लावायची डांबरी पट्टी. दिसायला ब्यूटाईलसारखीच, भाव निम्मा. उन्हात उभ्या गाडीच्या आतलं तापमान ६० अंशांपर्यंत जातं. तेव्हा ही पट्टी मऊ पडून घसरते आणि डांबराचा वास कित्येक महिने जात नाही.
- पत्र्याच्या शेडला लावतात ती बुडबुड्यांची चंदेरी शीट. चकाकणारा पापुद्रा उष्णता परतवतो, पण त्याच्यासमोर मोकळी हवा असेल तरच. पत्रा आणि कार्पेट यांच्यामध्ये चेपून बसवला की तो फक्त पातळ प्लॅस्टिक उरतो.

तपासा: फोमचा बोटभर तुकडा कापा, मोकळ्यावर चिमट्यात धरून काडी लावा. काडी दूर नेल्यावर आग आपोआप विझली पाहिजे. थेंब थेंब जळत गळणारा फोम गाडीत नको.

## टप्पा १: आवाज कुठला, ते आधी ओळखा

गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस द्या. इंजिनासोबत आवाज वाढत असेल तर तो इंजिन, सायलेन्सर किंवा त्यांच्या माउंटिंगचा. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर वेग घेऊन इंजिन चालू ठेवूनच गाडी न्यूट्रलमध्ये सोडा. आता जो आवाज वेगासोबत कमी होतो तो टायर, डिफरन्शियल किंवा वाऱ्याचा. उतारावर इंजिन बंद करून ही परीक्षा घेऊ नका.

सायलेन्सरचं लोंबतं रबर किंवा गिअरबॉक्सचं बसलेलं माउंटिंग फ्लोअरला ठोकत असेल तर कितीही शीट लावा, उपयोग होणार नाही. ते आधी बदला.

दुसरी परीक्षा रात्री घ्या. इंजिनाच्या बाजूने फायरवॉलवर जोरदार टॉर्च मारायचा आणि एकाने आत डॅशखाली डोकं घालून बघायचं. जिथे उजेड दिसेल तिथून आवाज, धूर, उष्णता आणि पाणी, चौघंही येतात. स्पीडोमीटरच्या केबलचं फाटलेलं ग्रोमेट किंवा जुन्या वायरिंगचं रिकामं भोक बुजवल्यावर जेवढा फरक पडतो, तेवढा कधी कधी अख्ख्या रोलनेही पडत नाही.

## टप्पा २: गाडी उघडणं

बॅटरीची बॉडीला जोडलेली केबल आधी काढा. बहुतेक गाड्यांत ती मायनसची असते, पण जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या वायरिंगमध्ये बॉडीला प्लस असू शकतो. रंग बघून ठरवू नका, केबल कुठे जाते ते बघा.

सीटचे बोल्ट आदल्या रात्रीच गंज सोडवणाऱ्या तेलाने भिजवा, जमलं तर खालच्या बाजूनेही. ॲम्बेसेडरला बहुतेक ठिकाणी इंची पाने लागतात, पद्मिनीला मिलिमीटरचे. जवळपास बसणारा पाना चालवलात तर बोल्टचं डोकं गोल होईल आणि मग गॅस कटर बोलवावा लागेल. पत्र्याला आतून वेल्ड केलेला नट सुटून बोल्टसोबत फिरायला लागला तर जोर लावू नका. खालून धरून सोडवा किंवा डेंटरसाठी ठेवा.

सीट निघाल्यावर दाराच्या उंबरठ्याच्या पट्ट्या, मग कार्पेट. मागून पुढे या. प्रत्येक स्क्रू कुठला हे पिशवीवर लिहा. मोबाईलमध्ये फोटो काढाच, पण फोटोत वायरीखाली काय होतं ते दिसत नाही, म्हणून वायरिंग कुठून कुठे गेलं आहे ते खडूने फ्लोअरवरच आखून ठेवा. मागच्या दिव्यांची आणि टाकीच्या काट्याची वायर याच फ्लोअरवरून जाते.

सावधान: वर्षभर उभ्या असलेल्या गाडीत उंदरांच्या लेंड्या आणि घरटी सापडतात. कोरडं झाडू नका. पाण्यात थोडं ब्लीच घालून आधी ओलं करा, मास्क लावून उचला.

## टप्पा ३: जुना फेल्ट वाचा, लगेच टाकू नका

बहुतेक लोक हा टप्पा गाळतात, आणि पुढची सगळी चूक इथूनच सुरू होते. जुना फेल्ट निघाला की तो घाण म्हणून लगेच उकिरड्यावर जातो. पाणी कुठून आलं हे त्याच्यावर लिहिलेलं असतं.

तुकडे ज्या जागेवरून काढले तसेच अंगणात मांडा. पुढची दिशा आणि डावी-उजवी बाजू खडूने लिहा. आता डाग बघा.

पुढच्या कोपऱ्यात, दाराच्या बिजागरीलगत डाग असेल तर काचेचं रबर किंवा काचेपुढच्या हवेच्या जाळीचा निचरा संशयित. दाराच्या उंबरठ्यालगत लांबट पट्टा असेल तर दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं मातीने बुजली असतील, किंवा दाराच्या आतला प्लॅस्टिकचा कागद फाटला असेल. मागच्या पायांच्या जागी खड्ड्यात गोल डबकं असेल तर पाणी पुढून वाहत येऊन तिथे साचलेलं असतं, त्यामुळे गळती तिथेच शोधू नका.

वरून कोरडा पण पत्र्याच्या बाजूने काळा आणि कुजलेला फेल्ट म्हणजे पाणी खालून येतं आहे. ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घातली की निघालेल्या बुचांतून असंच आत शिरतं.

पेडलखाली बुळबुळीत ओल असेल आणि तिथला रंग उकललेला असेल तर ते पाणी नसून ब्रेक ऑइल आहे. बाकी सगळं थांबवा, आधी ते दुरुस्त करा.

आणि एक खास आपल्याकडचं. उन्हाळा सोसत नाही म्हणून जुन्या गाड्यांना डॅशखाली एसी बसवून घेतलेला असतो. त्याच्या निचऱ्याची नळी धुळीने तुंबली की पाणी पायांत ठिबकतं. पाऊस नसताना, मे महिन्यात कार्पेट ओलं होत असेल तर काचेच्या रबरावर पैसे घालवण्याआधी ही नळी फुंकून बघा.

सावधान: सायलेन्सरच्या किंवा फायरवॉलच्या आसपास करड्या-पांढऱ्या पुठ्ठ्यासारखा कडक, तंतूमय पत्रा दिसला तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. घासू नका, फोडू नका, ग्राइंडर लावू नका. शाबूत असेल तर जागेवरच राहू द्या. काढणं भागच असेल तर त्या कामाच्या जाणकाराला दाखवा.

## टप्पा ४: पाण्याची परीक्षा

फ्लोअर उघडा आणि कोरडा. जोडांच्या कडेने टाल्कम पावडर भुरभुरवा, खड्ड्यांत वर्तमानपत्र पसरा. एकजण टॉर्च घेऊन आत, एकजण बाहेर साधी पाण्याची नळी घेऊन. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा नको. तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो आणि तुम्ही नसलेली गळती शोधत बसता.

नळी खालून वर न्यायची. आधी चाकांच्या कमानी, मग उंबरठा, मग दार, मग काचेचा खालचा कोपरा, सगळ्यात शेवटी काचेची वरची कड आणि छत. प्रत्येक जागी ८-१० मिनिटं धीर धरा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. पावडरीवर ओघळ उठला की तो वर माग काढत जा.

गळती सापडली की ती मुळाशी बंद करा. काचेचं रबर कडक होऊन तडकलेलं असेल तर नवीन बसवा. सिलिकॉन भरून वेळ मारून नेणं मला पटत नाही. ते पाणी अडवण्याऐवजी रबरामागे कोंडतं आणि पुढे काचेची चौकट सडते.

तपासा: दुरुस्तीनंतर हीच परीक्षा परत घ्या. वर्तमानपत्र कोरडं निघेपर्यंत पुढचा टप्पा नाही.

## टप्पा ५: डांबर काढणं, पण सगळं नाही

कंपनीच्या डांबरी पट्ट्या जिथे पत्र्याला घट्ट बसलेल्या आहेत आणि कडा उचललेल्या नाहीत, तिथे त्यांना हात लावू नका. त्या अजून काम करत आहेत आणि त्यांच्याखालचा पत्रा बहुधा चांगला आहे. मूठ बंद करून बोटांच्या पेरांनी ठोकत जा. ‘ठप्प’ वाजलं तर पट्टी चिकटलेली आहे, पोकळ वाजलं तर खाली हवा किंवा पाणी आहे. तडकलेली, उचललेली आणि पोकळ पट्टी निघालीच पाहिजे.

थंड पहाटे पटाशीची धार पत्र्याला जवळजवळ समांतर धरून हलक्या हातोडीने मारा. राहिलेल्या भागावर बर्फाची बंद पिशवी ठेवून गारवा वाढवता येतो. बर्फात मीठ घालायचं नाही, पिशवी फुटली तर तेच पाणी पत्रा खाईल. कोणी ड्राय आइस मिळवलाच तर चारही दारं उघडी ठेवा आणि जाड हातमोजे घाला. त्याचा वायू बंद जागेत श्वास कोंडतो.

चिकट उरलेलं टर्पेंटाईनने पुसा आणि शेवटी अल्कोहोलने. टर्पेंटाईन मागे तेलकट पापुद्रा सोडतं, त्यावर ना प्रायमर धरतो ना शीट.

सावधान: पेट्रोलने पुसायचं नाही, कितीही सवय असली तरी. टर्पेंटाईन लावलेल्या जागी हीट गन आणि उघडी ज्योत नको.

## टप्पा ६: गंज आणि पत्रा

वरवरचा तांबूस गंज तारेच्या ब्रशने घासून काढा, रसायन लावा, डब्यावर सांगितलं असेल तसं धुऊन किंवा पुसून सुकवा. पण गंज पापुद्र्यांनी सुटत असेल तर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत गेलं तर रसायनाचा विषय संपला, तिथे पत्रा बदलायचा.

या दोन्ही गाड्यांना वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही. फ्लोअर आणि उंबरठेच गाडीचा भार उचलतात. म्हणून भोकावर फायबर, एम-सील किंवा रिव्हेट मारलेला तुकडा चालत नाही. सडका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून १८ ते २० गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा वेल्ड करून घ्या. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करताना विषारी धूर निघतो, तो टाळा. मोठा तुकडा किंवा उंबरठा कापायचा असेल तर गाडी आधी योग्य जागी टेकू देऊन उभी करा. नाहीतर वेल्डिंगनंतर दारं लागत नाहीत.

वेल्डिंगच्या आधी:

- खालून ब्रेकची आणि पेट्रोलची नळी कुठून जाते ते प्रत्यक्ष बघा, गरज पडली तर बाजूला करा.
- आसपासचं सगळं डांबर काढा. ते पेटतं, आणि आतून पेटलेलं बाहेरच्या माणसाला दिसत नाही.
- अग्निशामक हाताशी, दुसरा माणूस आत लक्ष ठेवायला.

यानंतर क्रम असा: इपॉक्सी प्रायमर, मग जोडांवर सीम सीलर, मग रंगाचा एक हात. सीलर उघड्या पत्र्यावर लावायचा नाही. त्याखाली गंज निवांत पसरतो. खालच्या बाजूलाही हेच करा, आणि अंडरकोटिंग मारणाऱ्याला निचऱ्याची भोकं बुजवू नको असं समोर उभं राहून सांगा.

प्रायमर हाताला कोरडा लागला म्हणजे सुकला असं नाही. डब्यावरचा पूर्ण सुकण्याचा काळ पाळा आणि वर दोन-तीन दिवस जास्तीचे द्या. आत थिनर अडकलेला असताना शीट चिकटवली तर काही महिन्यांनी ती रंगासकट उचलून येते.

## टप्पा ७: कागदाचे नमुने

महागडी शीट थेट गाडीत धरून कापू नका. जुने फेल्टचे तुकडे शाबूत असतील तर तेच नमुने. नसतील तर जाड खाकी कागद. बोल्टची, बुचांची, बेल्टची, हँडब्रेकच्या केबलची जागा कागदावर आखा. प्रत्येक नमुन्यावर ‘वरची बाजू’ आणि ‘पुढे’ लिहा. नाही लिहिलं तर उलटा ठेवून कापला जातो आणि डाव्या बाजूचा तुकडा उजवीकडे बसवायची वेळ येते.

## टप्पा ८: शीट

पत्रा अल्कोहोलने पुसा. शीट आधी थोडा वेळ उन्हात ठेवा, हाताला कोमट लागेल इतपतच.

किती लावायची? सपाट पत्र्याची थरथर मारायला त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर शीट पुरते. कंपनीने जिथे पत्र्याला उभार दिले आहेत तो भाग मुळातच ताठ असतो, तिथे कमी लागते. दोन उभारांच्या मधल्या सपाट जागेच्या मध्यावर तुकडा बसवा आणि ठोकून ऐका. ‘टण्ण’चं ‘ठप्प’ झालं की थांबा. अख्खा फ्लोअर मढवणाऱ्याला नुसतं वजन मिळतं, आणि पुढे कधी पत्राकाम निघालं तर डेंटरच्या शिव्या.

तुकडे तळहाताच्या दुप्पट-तिप्पट आकाराचे ठेवा, कोपरे गोल कापा. मधून कडेकडे रोलर फिरवा. पापुद्र्यावरचे उठावदार ठसे सपाट होईपर्यंत दाब द्या. ते दिसत आहेत तोवर शीट नुसती टेकलेली आहे. पापुद्र्याची कड ब्लेडसारखी कापते, हातमोजे काढू नका.

या जागा मोकळ्या ठेवायच्या: निचऱ्याची भोकं आणि बूच, पत्र्याचे जोड, सीटच्या रेल आणि सीटबेल्टच्या बोल्टची जागा, गिअरबॉक्सवरचं सुटं झाकण, आणि ज्या गाड्यांत ब्रेकचा मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली आहे तिथलं झाकण. रस्त्यात ब्रेक ऑइल बघायचं असताना शीट खरवडत बसणं परवडत नाही.

सायलेन्सर अगदी जवळून जातो त्या जागेचा निर्णय हाताने घ्या. बॅटरी जोडून, चालकाची सीट तात्पुरती बोल्टने आवळून अर्धा तास गाडी चालवून आल्यावर तिथे उघड्या पत्र्यावर तळहात टेकवत न्या. ठेवता येत नसेल तर आत काही चिकटवण्याआधी खालून पत्र्याची ढाल लावा, फ्लोअर आणि ढालीत बोटभर हवा सोडून. चकाकती बाजू सायलेन्सरकडे.

## टप्पा ९: फोम आणि फेल्ट

पायांच्या खोलगट जागी नेहमी बंद छिद्रांचा फोम. तिथे कधी ना कधी पाणी येणारच. काही नाही तर पावसात भिजलेली चप्पल असतेच. टनेलच्या (फ्लोअरच्या मधोमध असलेल्या उंचवट्याच्या) बाजू, मागच्या सीटखालचा भाग, फायरवॉलचा वरचा भाग इथे फेल्ट चालतो आणि आवाज फोमपेक्षा चांगला शोषतो.

मुख्य सूचना एवढीच: पायांच्या जागेतला फोम चिकटवू नका. कापून नीट बसवा, सुटा ठेवा. उचलून वाळवता येईल असा फोम दहा वर्षं पत्रा सांभाळतो. चिकटवायचं ते फक्त उभ्या भागावर, टनेलवर आणि फायरवॉलवर. कुशनवाले भाऊ वापरतात तो फेविकॉल एसआरसारखा सिंथेटिक रबराचा गोंद दोन्ही बाजूंना लावा, हाताला चिकटेनासा झाला की जोडा. खिडक्या उघड्या ठेवा.

जड विनाईलचा पडदा वापरत असाल तर तो फोमच्या वर, पत्र्याला न चिकटवता. त्यात जेवढी भोकं कमी, तेवढा उपयोग जास्त.

तपासा: आता बाहेरून प्रत्येक बूच दाबून बघा. मग आत हात घालून निचऱ्याच्या प्रत्येक भोकापर्यंत बोट पोचतं का तेही.

## टप्पा १०: कार्पेट, सीट, पेडल

नवीन कार्पेट एक दिवस उन्हात सपाट पसरून ठेवा, घड्या निघून जातात. बसवण्याची सुरुवात टनेलपासून, मग पुढचा फ्लोअर, मग मागचा. बोल्टच्या भोकासाठी ड्रिल चालवू नका. ड्रिल कार्पेटचा धागा पकडून सरळ रेषेत उसवत नेतो. खालून टोचणीने जागा शोधा आणि तापवलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने भोक पाडा. नायलॉनचा धागा वितळून कड बंद होते. कड शिवून घेताना पायांच्या टाचेची जागा कुशनवाल्याला गाडीत बसून दाखवा, घरून माप सांगू नका.

सीटची रेल आणि सीटबेल्टचा बोल्ट यांच्याखाली फोम, फेल्ट, शीट काहीही चेपलेलं नको. मऊ थरावर आवळलेला बोल्ट आज घट्ट वाटतो, थर बसला की सैल होतो. तिथे थर गोल कापून काढा आणि बोल्ट पत्र्यावर आवळा.

गाडी बाहेर काढण्याआधी इंजिन बंद ठेवून पेडल बघा. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबा आणि दुसऱ्या माणसाला कार्ब्युरेटरचा थ्रॉटल पूर्ण उघडतो का ते बघायला सांगा. सोडल्यावर तो स्वतःहून परत आला पाहिजे. क्लच पूर्ण खाली जातो का? नव्या जाडीमुळे बोटभरही अडला तर गिअर घासून पडतील. ब्रेकच्या मागे कार्पेटची सुरकुती येते का? एकाही प्रश्नाचं उत्तर शंकास्पद असेल तर पेडलखालचा फोम पातळ करा, कार्पेट ओढून ताणू नका. वरून सुटं मॅट टाकणार असाल तर तेही घालून हीच तपासणी करा.

सीटचे आणि बेल्टचे बोल्ट आठवडाभर गाडी चालवल्यावर परत एकदा आवळा. पहिला जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी चारही कोपऱ्यांतला फोम उचलून पत्र्यावर कोरडं वर्तमानपत्र दाबून बघा. कागद ओला झाला तर टप्पा ४ पासून परत.